पूर्वेकडील पाच तालुके : भूमी, इतिहास आणि लोकसंख्या

प्राथमिक वर्गात जिल्ह्याचा भूगोल शिकविताना एक वाक्य हमखास येते : जिल्ह्याचा पश्चिम भाग पावसाचा, मध्यभाग सुपीक आणि पूर्वभाग दुष्काळी होय. कृष्णाकाठच्या शाळेत हे वाक्य केवळ माहिती म्हणून पाठ केले जाते. दहिवडी, आटपाडी किंवा जत या बाजूंच्या शाळांत मात्र ते ऐकणारे मूल स्वतःच्या घराविषयी ऐकत असते. 'दुष्काळी' हा शब्द कारणावाचून सांगितला, तर तो मुलाला आपल्या गावाचा दोष वाटू लागतो. म्हणून या भागाचा पाठ घेताना तीन प्रश्नांची उत्तरे शिक्षकांपाशी तयार असणे अगत्याचे आहे. येथे पाऊस कमी का? येथे माणसे विरळ का? आणि जी माणसे येथील असून येथे दिसत नाहीत, ती कोठे आहेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात, दुसऱ्याचे बव्हंशी इतिहासात आणि तिसऱ्याचे लोकसंख्येच्या आकड्यांत व शाळेच्या हजेरीपटात सापडते.

प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ व जत या पाच तालुक्यांचा विचार केला आहे.

१. भूमी आणि पाऊस

महाबळेश्वरापासून दहिवडी सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर आहे. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दहिवडीच्या बाजूस सरासरीने तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यात, एका दिवसाच्या प्रवासात, पाऊस दहापटीने घटावा, याचे कारण सह्याद्री होय. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीची भिंत चढतात. वर जाताना हवा थंड होते व थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्ती कमी असल्याने ते पावसाच्या रूपाने खाली येते. घाटमाथा ओलांडून हवा पूर्वेस उतरू लागली की ती पुन्हा तापते, कोरडी होते, आणि ढग डोक्यावरून जात असले तरी बरसत नाहीत. अशा प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. ज्याप्रमाणे भिंतीच्या एका बाजूस ऊन व दुसऱ्या बाजूस सावली असते, त्याप्रमाणे येथे डोंगराच्या एका बाजूस पाऊस व दुसऱ्या बाजूस पावसाची सावली आहे, एवढे सांगितले की मुलांस कल्पना येते.

या पूर्वभागाचा मुख्य आधार परतीच्या पावसाचा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो वेळेवर झाला तर शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी साधते. तो चुकला तर वर्ष चुकते. खरिपाची बाजरी, मटकी, हुलगा ही पिकेही थोड्या ओलीवर येणारी आहेत. पिकांची ही निवड अडाणीपणाने झालेली नसून अनेक पिढ्यांच्या अनुभवाने झालेली आहे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे.

जमिनीची रचनाही समजून घेतली पाहिजे. येथील खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला काळा पाषाण आहे. नद्यांच्या काठी काळ्या मातीचे पट्टे आहेत. पण माळावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम व त्याखाली कातळ. पडलेले पाणी मुरण्यास वाव थोडा, म्हणून ते वाहून जाते आणि जाताना माती घेऊन जाते. ताली, बांध व पाझर तलाव यांचे महत्त्व यावरून कळते.

पाणी कोणीकडे वाहते, हा प्रश्न नकाशावर सोडवून घेण्यासारखा आहे. माणगंगा माण तालुक्यात कुळकजाईजवळ महादेव डोंगररांगेत उगम पावते, दहिवडी, म्हसवड व आटपाडी या बाजूंनी आग्नेयेस वाहत सोलापूर जिल्ह्यात जाते व भीमेस मिळते. खटाव तालुक्यातील येरळा वडूजवरून दक्षिणेस वाहत जाऊन कृष्णेस मिळते. कवठे महांकाळ तालुक्यातून जाणारी अग्रणीही कृष्णेची उपनदी होय. जत तालुक्यातील बोर नदी मात्र भीमेकडे वाहते. म्हणजे या तालुक्यांतून भीमा व कृष्णा या दोन खोऱ्यांचा जलविभाजक गेला आहे. दहिवडीला पडलेला थेंब आणि वडूजला पडलेला थेंब वेगवेगळ्या वाटांनी जातात व शेवटी, भीमा कृष्णेस मिळते तेथे, रायचूरजवळ एकत्र येतात. आपल्या शाळेच्या छपरावरचे पाणी कोणत्या नदीस जाते, हे शोधून काढणे चौथीच्या मुलांस अवघड नाही.

२. इतिहास

माळरानाचा हा मुलूख पूर्वीपासून पशुपालकांचा. आटपाडी-जत भागातील खिलार बैल आणि जत तालुक्यातील माडग्याळ गावच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी या दोन्ही जाती कमी चाऱ्यावर तग धरणाऱ्या आहेत. म्हसवडची घोंगडी प्रसिद्ध आहे. खरसुंडी व म्हसवड येथील सिद्धनाथाच्या यात्रा, शिखर शिंगणापूरची चैत्रातील यात्रा आणि जतची यल्लमादेवीची यात्रा या केवळ देवदर्शनाच्या नव्हत्या. विखुरलेल्या वस्तीतील माणसांच्या भेटीगाठी, जनावरांची खरेदी-विक्री व सोयरिकी तेथे होत. वस्ती विरळ असली की बाजार व यात्रा यांना अधिक महत्त्व येते.

वर्धनगड, भूषणगड, महिमानगड व वारूगड हे किल्ले या भागातील वाटांवर नजर ठेवीत. आदिलशाहीच्या अखेरच्या काळात डफळे घराण्याकडे जतचा अधिकार आला व पुढे ते संस्थान झाले. आटपाडीचा भाग औंधच्या पंतप्रतिनिधींकडे होता. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाल्यावर माण व खटाव इंग्रजी अमलाखाली गेले. एकाच प्रकारच्या भूमीवर अशा रीतीने तीन निरनिराळे कारभार चालू राहिले. माणगंगेचा उगम इंग्रजी मुलखात व पुढचा काठ औंध संस्थानात, अशी स्थिती शंभर वर्षे होती.

१८७६-७७ चा दुष्काळ या भागाच्या इतिहासात मोठा होय. त्या काळात दुष्काळी काम म्हणून माणगंगेवर म्हसवडच्या खालच्या अंगास तलावाचे काम निघाले. माण व आटपाडी यांच्या सीमेवरील हा राजेवाडीचा तलाव आजही नकाशावर ठळक दिसतो. दुष्काळात मजुरी द्यावयाची आणि त्या मजुरीतून पुढील दुष्काळाविरुद्ध साधन उभे करावयाचे, ही कल्पना येथे जुनी आहे. पुढे याच कल्पनेला कायद्याचे रूप मिळाले. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा विचार मांडला. १९७२ च्या दुष्काळात त्याची कसोटी लागली आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. देशाचा तशा प्रकारचा कायदा २००५ साली झाला. म्हणजे कोरडवाहू तालुक्यांच्या गरजेतून निघालेला विचार अखेरीस सर्व देशास उपयोगी पडला.

१९३९ साली औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपल्या संस्थानातील ७२ गावांस स्वराज्याची घटना दिली व ग्रामपंचायतींकडे कारभार सोपविला. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत त्याच काळातील होय. १९४२ च्या चळवळीत ९ सप्टेंबर रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह अनेक सत्याग्रही हुतात्मे झाले. ८ मार्च १९४८ रोजी औंध, जत, सांगली आदी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी 'दक्षिण सातारा' हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. २१ नोव्हेंबर १९६० पासून तो सांगली या नावाने ओळखला जातो.

या भागातील शिक्षकांस आणखी एक पुस्तक जवळचे वाटावे. माडगूळ गावचे व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' या १९५५ सालच्या कादंबरीत औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तराची कथा आहे. शेवटी दुष्काळ पडतो व वाडी उठून जाते. शाळा असते, मास्तर असतो; मुले मात्र राहत नाहीत. लोकसंख्येचा प्रश्न शिक्षकाच्या दारात कसा येतो, हे त्यात स्पष्ट दिसते.

३. लोकसंख्या

२०११ च्या जनगणनेनुसार या पाच तालुक्यांची लोकसंख्या पुढीलप्रमाणे आहे.

माण : २,२५,६३४
खटाव : २,७५,२७४
आटपाडी : १,३८,४५५
कवठे महांकाळ : १,५२,३२७
जत : ३,२८,३२४
एकूण : ११,२०,०१४

त्या वर्षी सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ व सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांच्या लोकसंख्येत या पाच तालुक्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहून थोडा कमी आहे; क्षेत्रफळात मात्र तो सुमारे एक-तृतीयांश आहे. जत तालुक्याने सांगली जिल्ह्याच्या भूमीचा सुमारे चौथा हिस्सा व्यापला आहे; पण तेथे जिल्ह्यातील दर नऊ माणसांमागे जेमतेम एक राहतो. माण तालुका क्षेत्राने कराडहून मोठा. परंतु कराडची लोकसंख्या (५,८४,०८५) माणच्या अडीचपटीहून अधिक आहे. जेथे पाणी तेथे वस्ती, हा भूगोलाचा नियम याहून स्पष्ट दाखविता येणार नाही. जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत कन्नड ही पुष्कळांची घरची भाषा आहे व जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा तेथे चालतात, हेही मुलांस सांगावे.

आता आकड्यांच्या आतील गोष्ट पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली; सांगली जिल्ह्याची ९.२ टक्क्यांनी व सातारा जिल्ह्याची केवळ ६.९ टक्क्यांनी. ही मंद वाढ एकट्या कुटुंबनियोजनाने झालेली नाही. माणसे बाहेर गेली, हेही तिचे मोठे कारण होय. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत पिढ्यान् पिढ्या माणसे गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्यांतील अनेकांचा रोजगार गेला. विटा, आटपाडी, माण, खटाव या भागांतील गलाई कारागीर, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, भारतातील लहानमोठ्या शहरांत पसरले आहेत. मेंढपाळ कळप घेऊन चाऱ्यामागे पश्चिमेकडे जातात व पावसाळ्यात परततात. जत व माण भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात ती उन्हाळ्यात परत येतात.

स्त्री-पुरुष प्रमाणाचा आकडा या दृष्टीने बारकाईने वाचावा. २०११ साली दर हजार पुरुषांमागे स्त्रिया महाराष्ट्रात ९२९, सांगलीत ९६६ आणि साताऱ्यात ९८८ होत्या. हा आकडा वाचून समाधान मानण्याचा मोह होतो. परंतु त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुली साताऱ्यात ८९५ व सांगलीत अवघ्या ८६७ होत्या. महाराष्ट्राची सरासरी ८९४ होती. बालवयात मुली इतक्या कमी आणि एकूण प्रमाण इतके चांगले, हे कसे? उत्तर असे की मोठ्या वयाचे पुष्कळ पुरुष पोटासाठी बाहेर असल्याने घरी राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण वाढलेले दिसते. एक आकडा स्थलांतर झाकतो. दुसरा मुलींवरील अन्याय उघड करतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावाचून खरे चित्र दिसत नाही.

आणखी एक बाब शिक्षकांच्या विशेष परिचयाची आहे, कारण प्रगणक म्हणून घरोघर जाणारे बहुधा तेच असतात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली व तिचा संदर्भ-क्षण १ मार्चचा आरंभ हा होता. नियम असा की, नेहमीचा रहिवासी या काळात काही दिवस तरी घरी राहिला असेल तर त्याची गणना घरी करावयाची. संपूर्ण काळ तो बाहेर असेल तर तो जेथे आढळेल तेथे करावयाची. आता फेब्रुवारी हा गाळपाच्या ऐन हंगामाचा महिना. त्या महिन्यात जत वा माण तालुक्यातील ऊसतोडीचे कुटुंब कारखान्याच्या परिसरातील कोपीत असते. नियमानुसार त्याची नोंद तेथेच व्हावयाची. नियमात चूक नाही, आकडाही खोटा नाही. पण तो फेब्रुवारीतील आकडा आहे. ऑगस्टमध्ये त्याच गावात अधिक चुली पेटलेल्या असतात. उलट, तोडीच्या फडाबरोबर गावोगाव फिरणारी कोपी नजरेतून सुटली, तर ते कुटुंब दोन्ही ठिकाणी गणतीबाहेर राहते. २०२१ साली व्हावयाची जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबणीवर पडली. पुढील गणनेचा संदर्भ-क्षणही १ मार्च २०२७ असाच ठरविण्यात आला आहे. म्हणून ही बाब प्रत्येक प्रगणक-शिक्षकाने ध्यानात ठेवावयास हवी.

जे गणतीचे, तेच शाळेचे. जूनमध्ये पटावर असलेले मूल जानेवारीत वर्गात नसते. गावच्या शाळेत त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते. कारखान्याजवळच्या शाळेत त्याचे नावच नसते. मूल मात्र कोठेतरी असतेच, आणि पुष्कळदा ते धाकट्या भावंडास सांभाळीत असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याप्रमाणे अशा मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. शाळा बदलताना मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखला आला नाही या कारणाने दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. आईवडील तोडीस गेले तरी मूल गावी राहून शिकावे, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तिचा लाभ दिवाळीपूर्वी यादी तयार असेल तरच होतो. कुटुंब निघून गेल्यावर केलेली यादी निरुपयोगी ठरते.

पाणी हे वस्तीचे कारण असल्याने पाण्याबरोबर वस्तीचे चित्रही पालटू शकते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडी येथे पाणी परिषदा भरवून दुष्काळी तालुक्यांच्या समान पाण्याची मागणी धरली. कराड तालुक्यातील टेंभू येथून आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेकडे नेण्यात आले आहे. आटपाडीची डाळिंबे, कवठे महांकाळ व जतची द्राक्षे ही त्या पाण्याची, आणि ठिबक सिंचनाने ते जपून वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या कष्टांची साक्ष होत. माण तालुक्यातील टाकेवाडीच्या ग्रामस्थांनी श्रमदानाने पाणी अडवून २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. तथापि उचललेल्या पाण्यास विजेचा खर्च असतो आणि ते प्रत्येक वाडीस पोचलेले नाही. २०१९ साली उन्हाळ्यात पूर्वेस चारा छावण्या होत्या व ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी महापूर आला. एकाच जिल्ह्यातील या दोन संकटांचा एकत्र विचार वरच्या वर्गांत अवश्य करवून घ्यावा.

४. वर्गात काय करता येईल

साधनांची उणीव असली तरी पुढील कामे कोणत्याही शाळेत होऊ शकतील.

(अ) पर्जन्यमापक नसल्यास सरळ बाजूंचा डबा व पट्टी घेऊन रोजच्या पावसाची नोंद मुलांकडून ठेवावी. जून ते ऑक्टोबरचा तक्ता भिंतीवर लावावा व मागील वर्षाच्या तक्त्याशी ताडून पाहावा.

(आ) गावातील दोन-तीन विहिरींची पाणीपातळी दरमहा दोरीने, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली मोजावी. पाऊस व पातळी यांचा संबंध मुले आपोआप सांगू लागतात.

(इ) गावातील वृद्धांकडून १९७२ च्या दुष्काळाची हकीकत लिहून घ्यावी. कोणता रस्ता, कोणता तलाव त्या कामावर झाला, हे नकाशात दाखवावे. इतिहास आपल्या गावातही घडतो, हे यावरून कळते.

(ई) प्रत्येक मुलाने आपल्या नात्यातील गावाबाहेर राहणाऱ्या माणसांची नावे नव्हे, तर केवळ ठिकाणे सांगावी : मुंबई, पुणे, केरळ, पंजाब, कारखाना. ती भारताच्या नकाशावर टिंबांनी दाखवावी. लहानशा वाडीचा संबंध केवढ्या देशाशी आहे, हे पाहून मुलांस नवल वाटते. ज्या मुलास घरची स्थिती सांगण्याचा संकोच वाटेल, त्याच्यावर सक्ती करू नये.

(उ) दसऱ्यापूर्वी शिक्षकाने स्वतःसाठी एक यादी करावी : कोणती कुटुंबे बाहेर जाणार, केव्हा, कोठे व मुलांपैकी कोण बरोबर जाणार. ही यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. जे मूल जाणारच असेल त्याच्याबरोबर दाखला, प्रगतीची नोंद व दोन पुस्तके द्यावी. ते परत येईल तेव्हा न रागावता त्यास बाकावर जागा द्यावी.

पूर्वेकडील पाच तालुके 'दुष्काळी' आहेत, हे विधान पावसाविषयी आहे. तेथील माणसांविषयी नाही. सह्याद्रीच्या सावलीत राहूनही येथील लोकांनी कमी पाण्याची पिके निवडली, काटक जनावरे जोपासली, परमुलखात जाऊन कारागिरी केली व घरी पैसा पाठविला. एवढे समजले की 'पूर्वभाग दुष्काळी होय' हे वाक्य मूल मान खाली न घालता म्हणू शकेल. जनगणना दहा वर्षांनी एकदा माणसे मोजते. शाळा ती रोज सकाळी मोजते. हजेरी घेताना ज्या नावास उत्तर येत नाही, त्याची चौकशी त्याच दिवशी झाली पाहिजे.